चंद्रग्रहण आणि बौद्ध घरातले वेध

रविवारी, 7 सप्टेंबर 2025 रोजी, भाद्रपद पौर्णिमेच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण झाले. ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत संपूर्ण भारतातून दिसणारे होते. याआधी असा योग 27 जुलै 2018 रोजी, आषाढ पौर्णिमेच्या रात्री आला होता. सात वर्षांनी आलेली ही संधी घरबसल्या, एक रुपयाही खर्च न करता घेता येत होती. मात्र मोबाईलवर तेव्हा वेगळेच संदेश फिरत होते. वेध कधी लागणार, कोणत्या राशीला कष्ट, गरोदर बाईने काय करू नये, शिजवलेले अन्न ठेवायचे की फेकायचे. हे संदेश 'जय भीम'ने सुरू होणाऱ्या ग्रुपवरही येतात आणि तिथून पुढे पाठवलेही जातात. म्हणून हा विषय आपल्या समाजात उघडपणे मांडणे आम्हाला गरजेचे वाटते.

हे लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर जवाहरनगर आहे. भंडारा जिल्ह्यातली ही आयुध निर्माणीची वसाहत. इथल्या क्वार्टरांत आणि आजूबाजूच्या गावांत बौद्ध कुटुंबे राहतात. निर्माणीतला कामगार रसायनांचे तापमान, वजन आणि मिश्रणाचे प्रमाण पाळून काम करतो. 24 जानेवारी 2025 रोजी याच निर्माणीत स्फोट झाला आणि त्या एका दिवशी 8 कामगारांचा जीव गेला. अशा घटनेनंतर आपण चौकशी मागतो, कारण विचारतो. 'ग्रहदशा वाईट होती' असे उत्तर कोणी दिले तर एकही कामगार ते ऐकून घेणार नाही. पण तोच कामगार घरी येऊन सुनेला 'ग्रहणात विळी हातात धरू नको' म्हणतो, तेव्हा कारण विचारण्याची सवय गेटबाहेर पडताच सुटलेली असते.

गणित सावलीचे, भीती राहूची

ग्रहणाचे कारण साधे आहे. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत आले की पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. चंद्राची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली आहे, म्हणून दर पौर्णिमेला असे घडत नाही. खग्रास अवस्थेत चंद्र काळा न होता तांबूस दिसतो, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वाकून जाणारा लाल प्रकाश त्याच्यापर्यंत पोचतो. सकाळ-संध्याकाळ क्षितिजावर दिसणारी लाली हीच.

हे ज्ञान परदेशातून आलेले नाही. आर्यभटाने इ.स. 499 मध्ये आपल्या ग्रंथात ग्रहण सावलीमुळे होते असे लिहून ठेवले. आजची पंचांगेही ग्रहणाची मिनिटे याच गणिताने काढतात. त्या गणितात राहू कुणाला गिळत नाही. तरी त्याच पानावर वेध, राशीफल आणि दानाची यादी छापली जाते. याचा अर्थ छापणाऱ्याला खरे कारण माहीत असते. अज्ञानाला समजावता येते. इथे मात्र माहीत असूनही भीती विकली जाते.

वेध म्हणजे विटाळच

वेध आणि सूतक या कल्पनांच्या मुळाशी विटाळ आहे. चंद्राला राहूचा स्पर्श झाला म्हणून अन्न बाटले, पाणी बाटले, घर बाटले, आता आंघोळ करून शुद्ध व्हा. स्पर्शाने बाटणे आणि पाण्याने शुद्ध होणे हा हिशेब आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्पिढ्या अंगावर सोसला आहे. चवदार तळ्याचे पाणी 1927 मध्ये याच तर्काने 'बाटले' होते आणि ते 'शुद्ध' करण्याचे विधीही झाले होते.

ग्रहणाचा आपल्याशी आणखी थेट संबंध आहे. 'दे दान, सुटे गिरान' ही आरोळी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने ऐकली आहे. ती देत दारोदार फिरण्याचे काम गावगाड्याने महार-मांगांच्या वाट्याला दिले होते. राहू-केतूचे नाते अस्पृश्यांशी जोडायचे, त्यांना दान दिले की चंद्र सुटतो म्हणायचे, आणि दान म्हणून जुनी वस्त्रे, धान्य लांबून टाकायचे. आकाशातल्या सावलीचा दोषही जमिनीवरच्या एका जातीवर टाकलेला होता. बाबासाहेबांच्या चळवळीने गावकीची कामे आणि भीक नाकारायला शिकवले, तेव्हा ही आरोळीही आपल्या तोंडून गेली. 14 ऑक्टोबर 1956 नंतर तर तिला आपल्या घरात जागाच उरली नाही. मग तिच्यामागची कल्पना, म्हणजे वेध, आपण कशासाठी पाळतो?

त्रिपिटकात काय आहे?

यावर एक प्रश्न हमखास विचारला जातो : 'तुमच्याही ग्रंथात राहू आहे ना?' आहे. संयुत्त निकायातल्या चंदिम सुत्तात राहू चंद्राला पकडतो, चंद्र तथागतांना शरण जातो आणि तथागतांच्या सांगण्यावरून राहू त्याला सोडून देतो. ही त्या काळाची लोकभाषा आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. पण त्या सुत्तात वेध नाहीत, सूतक नाही, पुरोहिताला दान नाही. कुणी उपाशी राहावे असेही तिथे सांगितलेले नाही.

दीघ निकायातले पहिलेच सुत्त, ब्रह्मजाल सुत्त, आणखी स्पष्ट आहे. काही श्रमण-ब्राह्मण चंद्रग्रहण होईल, सूर्यग्रहण होईल, त्याची अमुक फळे मिळतील असे सांगून पोट भरतात. ही हीन विद्या आहे आणि तथागत तिच्यापासून दूर आहेत, असे तिथे सांगितले आहे. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बुद्धवचन ओळखण्याची कसोटी दिली आहे. जे तर्काला धरून आहे आणि माणसाच्या हिताचे आहे, तेच त्यांचे मानावे.  वर्षावासात विहारांतून याच ग्रंथाचे वाचन चालू असताना घरात वेध पाळले जात असतील, तर वाचन कानापर्यंतच पोचले म्हणायचे.

खरा धोका कुठे आहे

हा प्रश्न फक्त विचारांचा नाही, शरीराचाही आहे. पंचांगांनुसार त्या रविवारी वेध दुपारी साडेबारा ते एकच्या सुमारास लागले आणि ग्रहण सुटले मध्यरात्रीनंतर सुमारे 1.27 ला. म्हणजे जवळपास 13 तास. गरोदर बायका, आजारी आणि वृद्धांना 'सवलत' म्हणून संध्याकाळपासून पाळायला सांगतात. तरी सात-आठ तास होतातच. गरोदर बाईने इतका वेळ अन्नपाण्याशिवाय, खोलीत न हलता बसणे धोक्याचे आहे. पाणी कमी पडते, चक्कर येते, रक्तातली साखर उतरते.

आपल्या भागात याला आणखी एक बाजू आहे. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे आणि बौद्ध तसेच आदिवासी समाजात हा आजार विशेष आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला शरीरातले पाणी कमी होणे हे तीव्र वेदनांचे झटके येण्याचे एक ओळखीचे कारण आहे. अशा रुग्णाला, त्यातही गरोदर बाईला, ग्रहणासाठी पाणी तोडायला लावणे म्हणजे तिला दवाखान्याच्या वाटेवर ढकलणे. चंद्रावरची सावली तिला काही करणार नाही. रिकामा पेला करेल.

बाळाचा ओठ फाटतो, व्यंग येते, ही भीती तर घरोघरी आहे. अशा व्यंगांमागे आनुवंशिकता, फॉलिक ॲसिडची कमतरता, काही औषधे, तंबाखू आणि धूर अशी कारणे सांगितली जातात. ग्रहण जगभरातल्या गरोदर बायका पाहतात. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनीही गरोदर बायकांना सोबत घेऊन ग्रहण पाहिले आहे. आपल्याकडे सुनेला ग्रहणात खिडकी बंद करून बसवणारा सासरा स्वतः खिशात खर्ऱ्याची पुडी ठेवून असतो. बाळाची काळजी असेल तर पुडी बंद करावी आणि आरोग्य केंद्रातल्या गोळ्या वेळेवर द्याव्यात.

ग्रहणाच्या रात्री काय करता येईल

त्या रविवारी रात्री 9.57 च्या सुमारास चंद्राची कड झाकायला सुरुवात झाली. सुमारे 11.01 ते 12.23, म्हणजे 82 मिनिटे, चंद्र पूर्ण सावलीत होता. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहायला सुरक्षित आहे, चष्मा किंवा काच लागत नाही. दुर्बीण असेल तर उत्तम. क्वार्टरची गच्ची किंवा घरापुढचे अंगण पुरेसे आहे. मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र दक्षिणेकडे चांगला उंच होता आणि त्याच्या डावीकडे, थोड्या अंतरावर, शनी होता. साडेसातीच्या नावाने घाबरवणारा तो एक स्थिर, पिवळसर ठिपका आहे, हे मुलांना स्वतः पाहू द्या. दर पंधरा मिनिटांनी सावलीची कड कागदावर काढायला सांगा. ती प्रत्येक वेळी गोलाईतच येईल, आणि पृथ्वी गोल असल्याचा पुरावा मुलांच्या हातात असेल.

पौर्णिमेची वंदना झाल्यावर विहारात दहा मिनिटे या विषयावर बोलावे. ग्रहण चालू असताना सगळ्यांनी मिळून चहा घ्यावा, खीर खावी. घरात गरोदर लेक-सून असेल तर तिची इच्छा असल्यास पहिली खुर्ची तिला द्यावी. आजीला हसू नये. तिला ही भीती दुसऱ्यांनी घातली होती. तिच्या शेजारी बसावे, तिने ऐकलेली 'गिरान'ची आठवण विचारावी आणि लिहून ठेवावी. पावसाळ्याचे दिवस असले आणि ढगांनी चंद्र झाकला तर दिसणार नाही. जेवण मात्र ढगातही करता येते, आणि वेध मोडायला तेवढे पुरे आहे.

3 मार्च 2026 ला ग्रहण लागलेलाच चंद्र उगवण्याचा योग, पण आपल्याकडे तो थोडाच वेळ तसा दिसण्याचा. यानंतर संपूर्ण भारतातून पूर्ण दिसणारे खग्रास चंद्रग्रहण आहे 31 डिसेंबर 2028 च्या रात्री. त्या रात्री आपली असंख्य माणसे भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाकडे निघालेली असतील. रस्त्यात, मैदानात, प्रत्येकाच्या डोक्यावर तो तांबूस चंद्र असेल. तोवर वेध पाळणारे एकही बौद्ध घर उरू नये. त्या कामाची सुरुवात आपापल्या गच्चीवरून करता येईल.

जय भीम! नमो बुद्धाय!