लस वेगळी, धोका वेगळा

संपादक महोदय,

तरुणांच्या अचानक मृत्यूंवरील रविवारच्या लेखात मायोकार्डायटिस आणि हार्ट अटॅक एकच मानले आहेत. अटॅकमध्ये रक्तवाहिनी तुंबते; मायोकार्डायटिसमध्ये हृदयाच्या स्नायूलाच सूज येते.

कोविड लशीनंतरची ही सूज २०२१ मध्ये इस्रायल-अमेरिकेत ठळकपणे नोंदली गेली ती फायझर व मॉडर्नाच्या एमआरएनए लशींनंतर. तीही मुख्यतः किशोरवयीन मुलगे व तरुण पुरुषांत, बहुधा दुसऱ्या डोसनंतर आठवड्याभरात. आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन एमआरएनए लशी नव्हेत. कोविशील्डचा दुर्मीळ धोका रक्ताच्या गुठळ्यांचा. त्यावर जरूर लिहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ च्या अभ्यासातही लसीकरणामुळे तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंचा धोका वाढल्याचे आढळले नाही. शिवाय खुद्द कोविडमुळेही मायोकार्डायटिस होतो, याचा लेखात उल्लेखच नाही.

मायोकार्डायटिसवर ‘उपचार नाहीत’ हे लेखातील विधान तर घातक आहे. छातीत दुखणे, धडधड, धाप ही लक्षणे दिसताच ईसीजी, ट्रोपोनिन, इको या तपासण्या करतात. विश्रांती, सूज उतरवणारी औषधे आणि ३ ते ६ महिने दमवणारा व्यायाम बंद, एवढ्यावर बहुतेक जण बरे होतात. काहींच्या एमआरआयमध्ये व्रण दिसत राहतात, म्हणून पुढील तपासण्या चुकवू नयेत.

दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापावी.

– एक वाचक, सातारा