सवलत नको, सोबत हवी

मराठी घरांत एक निकाल असा लागतो की, जो कोणत्याही परीक्षा मंडळाने जाहीर केलेला नसतो, ज्याची फेरतपासणी होत नाही आणि ज्याविरुद्ध कोठे दादही मागता येत नाही. ‘याला गणिताचे डोके नाही’ हा तो निकाल होय. मूल त्या वेळी जेमतेम दहा-बारा वर्षांचे असते, प्राथमिक शाळेतून नुकतेच हायस्कुलात आलेले असते. पहिल्या घटक चाचणीत वीसपैकी सहा गुण पडतात, घरातील वडीलधारी मंडळी हे वाक्य उच्चारतात आणि त्या मुलापुरते प्रकरण मिटते. पुढे दहावीपर्यंत शिकवणीचे शुल्क भरले जाते, मार्गदर्शिका विकत घेतल्या जातात. परंतु निकाल आधीच लागलेला असल्यामुळे तो खरा करून दाखविण्यापलीकडे मुलाच्या हाती काही उरत नाही.

या निकालात तथ्य किती? ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील आठवीच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येणारी मुले सुमारे ४६ टक्के होती. उरलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना निसर्गाने डोकेच दिले नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? ही मुले बाजारात हिशेब करतात, क्रिकेटची धावगती तोंडी सांगतात, शेतावर मजुरीचा मेळ घालतात. दोष त्यांच्या डोक्यात नसेल, तर तो अन्यत्र शोधावयास हवा.

मधली वर्षे कोणाची?

शिक्षणव्यवस्थेचे लक्ष दोन टोकांवर खिळलेले आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचा भर तिसरीपर्यंतच्या पायाभूत अक्षरज्ञानावर व संख्याज्ञानावर राहिला. दुसऱ्या टोकाला दहावीची शालान्त परीक्षा. तिच्यासाठी सराव परीक्षा, जादा तास, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या सारे काही सज्ज असते. मधल्या पाचवी ते आठवी या वर्षांना मात्र वाली नाही आणि गणिताची वाट नेमकी तेथेच सुटते.

महाराष्ट्रात कोठे पाचवीत, कोठे सहावीत, तर कोठे आठवीत मूल हायस्कुलात पाऊल ठेवते. जिल्हा परिषदेच्या शाळेत एक गुरुजी किंवा बाई त्याला दिवसभर शिकवीत असत. हा वजाबाकीत हातचा विसरतो, ती भागाकारात शून्य लिहावयाचे राहून जाते, हे त्यांना पाठ असे. हे ज्ञान शाळा सोडल्याच्या दाखल्यावर लिहून येत नाही. नव्या शाळेत साठ मुलांचा वर्ग, प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक आणि पस्तीस-चाळीस मिनिटांनी वाजणारी घंटा. गणिताच्या शिक्षकांना मुलाचे नाव कळेपर्यंत सहामाही उजाडते. ‘हे तुमचे प्राथमिकलाच झाले असेल’ या एका वाक्यावर मागील चार वर्षांचा हिशेब बंद होतो.

याच वेळी विषयही आपले रूप पालटतो. चौथीपर्यंत गणित म्हणजे मोजणे. गुणले की संख्या वाढते, भागले की घटते, मोठा आकडा म्हणजे मोठी वस्तू, या समजुतींवर मुलाने तोवर यश मिळविलेले असते. अपूर्णांक येताच या सर्व समजुती एकेक करून दगा देतात. पावाने गुणले की उत्तर लहान होते. चारपेक्षा आठ मोठा. पण एक अष्टमांश मात्र एक चतुर्थांशाहून लहान. पाठोपाठ ऋण संख्या येतात आणि मग अंकांच्या जागी अक्षरे बसतात. गोंधळलेले मूल मंदबुद्धी नसते. कालपर्यंत खरे असलेले नियम आज का मोडले, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, हे उत्तर प्रत्येक शाळेत दरवर्षी लिहिले जाते. त्यावर लाल फुली मारण्यास क्षणही लागत नाही. परंतु अर्धी भाकरी आणि आणखी तिसरा हिस्सा भाकरी एकत्र केली, तर ती अर्ध्याहून कमी कशी भरेल, एवढाच प्रश्न विचारला, तर मूल स्वतःच चूक शोधते. फुलीने त्याला ‘तू चुकलास’ एवढे कळते. प्रश्नाने ‘तू विचार करू शकतोस’ हे कळते. आत्मविश्वास म्हणतात तो या दुसऱ्या अनुभवातून येतो. शाबासकीच्या शब्दांनी किंवा भिंतीवरच्या सुविचारांनी तो येत नाही.

यात भर पडते ती भाषेच्या उडीची. मराठी शाळांतून ‘सेमी इंग्रजी’ची सोय अनेक ठिकाणी याच वळणावर सुरू होते. अंश आणि छेद यांच्याशी जेमतेम ओळख झालेल्या मुलाला अकस्मात न्यूमरेटर आणि डिनॉमिनेटर भेटतात. लसावि आणि मसावि यांची जागा एलसीएम आणि एचसीएफ घेतात. इंग्रजी शिकण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. पण संकल्पना आणि तिचे नाव दोन्ही एकाच महिन्यात बदलली, तर मूल कशाला धरून उभे राहील? पहिले काही आठवडे दोन्ही भाषांतील संज्ञा फळ्यावर शेजारी शेजारी लिहिण्याइतकी साधी गोष्टही किती शाळांत घडते?

सवलतींचा सोपा मार्ग

एवढ्या उघड दुखण्यावर इलाज काय सुचविले गेले? जून २०१७ मध्ये, अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांविषयीच्या याचिकेच्या सुनावणीत, दहावीला गणित ऐच्छिक करता येईल काय, याचा विचार करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले. २०१९ मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात सत्तावीसऐवजी ‘वीस सात’ अशा संख्यावाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर वादळ उठले. २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याने सुचविले की, दहावीला गणित व विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी अकरावीत जाता यावे. मात्र गुणपत्रिकेवर तसा शेरा असावा आणि त्या विषयांवर आधारलेल्या शिक्षणाचा मार्ग पुढे बंद व्हावा.

ज्यांना अंकच ओळखणे जड जाते अशा अध्ययन-अक्षम मुलांचा प्रश्न स्वतंत्र आहे. त्यांना सवलत मिळालीच पाहिजे. ती दया नसून त्यांचा हक्क आहे. प्रश्न उरतो तो इतर लक्षावधी मुलांचा. गणित ऐच्छिक झाले, तर ते सोडणार कोण? ज्याच्या घरी शिकविणारे कोणी नाही, ज्याच्या वडिलांना शिकवणी परवडत नाही, तो सोडणार. आणि ‘मुलीला एवढे गणित काय करावयाचे’ असे ज्या घरी म्हटले जाते, तेथील मुलगी सोडणार. वीस गुणांवर पुढे ढकललेला विद्यार्थी अकरावीत जाईल खरा. परंतु अभियांत्रिकी, संगणक, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र यांच्या दारांवर त्याच्यासाठी कुलूप पडलेले असेल. पाचवीत न शिकविलेल्या अपूर्णांकांची शिक्षा त्याला सोळाव्या वर्षी आयुष्यभरासाठी सुनावली जाईल आणि तिला नाव मात्र दिलासा असे दिले जाईल.

संख्यावाचनाचा वादही असाच वाया गेला. बदलामागे मुलांची अडचण दूर करण्याचा हेतू होता आणि विरोधामागे भाषेची आस्था होती, दोन्ही समजण्यासारखे. पण आठवडाभर चाललेल्या त्या गदारोळात ‘आपल्या सातवीतल्या मुलीला दशांश अपूर्णांक कळतो काय’ हा प्रश्न किती घरांत विचारला गेला? शब्दावर प्राण देण्यास सारे तयार होते; मुलाजवळ अर्धा तास बसण्यास मात्र वेळ नव्हता.

घराची जबाबदारी

शाळेला आणि शासनाला बोल लावून पालकांची सुटका होत नाही. ‘मलाही गणित कधी जमले नाही’ असे अनेक सुशिक्षित आईवडील मुलांदेखत हसत हसत सांगतात. आपल्याला वाचता येत नाही, असे कोणी हसत सांगेल काय? २०१५ मध्ये अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांविषयी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की, गणिताची धास्ती असलेले पालक गृहपाठात वारंवार मदत करू लागले, तर त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकतात आणि त्यांच्याही मनात तीच धास्ती रुजते. मुलगा शब्द ऐकत नाही, तो आवाज ऐकतो. ‘इतके सोपे कसे येत नाही तुला?’ हे वाक्य उच्चारणाऱ्याची भीतीच त्याच्यापर्यंत पोहोचते.

मुलींच्या बाबतीत हा अन्याय दुप्पट असतो. अशा घरांनी डॉ. मंगला नारळीकर यांचे चरित्र डोळ्यांपुढे ठेवावे. १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठातून गणितात एम.ए. झालेल्या मंगलाताईंनी संसार आणि मुली सांभाळून १९८१ मध्ये पीएच.डी. मिळविली आणि मराठीत ‘गणितगप्पा’ लिहून हा विषय मुलांच्या अंगणात आणून ठेवला. गणित हे पुरुषांचे, श्रीमंतांचे किंवा अलौकिक बुद्धीच्या लोकांचे वतन नव्हे, हे सांगण्यास याहून निराळा पुरावा कशाला?

शिदोरी घरचीच

साधनांची वाण आहे, असेही म्हणता येत नाही. एके काळी मराठी मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी म्हणत. पाच वेळा पाव म्हणजे सव्वा, तीन वेळा दीड म्हणजे साडेचार, हे त्यांच्या जिभेवर असे. त्या पाठांतरात छडीचा धाक होता, तो परत आणण्याची गरज नाही. परंतु पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे रोजच्या व्यवहारातील शब्द ज्या भाषेने जपले, त्या भाषेतील मुलांना अपूर्णांक परका वाटावा, ही नामुष्कीची गोष्ट आहे. किराण्याच्या दुकानात, स्वयंपाकघरात, दुधाच्या मापात अपूर्णांक रोज भेटतो. त्याची वहीतल्या अपूर्णांकाशी गाठ घालून देणारे कोणी भेटत नाही एवढेच.

नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये शोधलेली गंमत कोणत्याही पाचवीच्या मुलाला खेळता येते. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने व चढत्या क्रमाने लिहून मोठीतून लहान संख्या वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. पुढे ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. सुरुवात कोठूनही करावी, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ गाठले जाते आणि मग तेच ते येत राहते. प्रत्येक पायरीवर वजाबाकी करावी लागते आणि मूल ती आपणहून करीत जाते. वजाबाकीची वीस रुक्ष उदाहरणे जे करू शकत नाहीत, ते हा खेळ करतो. अशा संख्यांच्या खेळांमुळे या साध्या शाळामास्तरांचे नाव १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या लेखणीतून जगभर पोहोचले. देवळालीपासून तासाभराच्या अंतरावरील किती वर्गांत ते ठाऊक असेल?

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’तही भुंग्यांचा थवा, वाऱ्याने मोडलेला बांबू, सापावर झेपावणारा मोर यांची उदाहरणे आहेत. शिकणाऱ्याला आपुलकीने संबोधून ती विचारलेली आहेत. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. या वारशाचा अभिमान भाषणांतून पुष्कळ मिरविला जातो. त्या अभिमानाची खरी परीक्षा शेजारच्या घरातील सहावीच्या मुलाला त्रैराशिक समजावून देण्यात आहे.

करावयाचे ते एवढेच

हायस्कुलातील पहिले तीन आठवडे अभ्यासक्रम पुढे रेटण्याची घाई करू नये. भागाकार आणि अपूर्णांक यांची मनापासून उजळणी घ्यावी. प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी प्रत्येक मुलाविषयी चार ओळी लिहून हायस्कुलाकडे पाठवाव्यात. त्याला शासन निर्णय लागत नाही. पालकांनी ‘किती गुण मिळाले?’ या प्रश्नाऐवजी ‘कोठे अडले?’ असे विचारावे, आणि उत्तर स्वतःला येत नसेल, तर ‘चल, दोघे मिळून शोधू’ असे म्हणावे. घड्याळ लावून उदाहरणे सोडविण्याची शर्यत निदान या वर्षांत थांबवावी. ज्या वस्तीत अभ्यासिका चालते, तेथे नववीच्या मुलाने सहावीच्या मुलाला आठवड्यातून दोन दिवस शिकवावे. त्यात शिकविणाऱ्याचे गणित शिकणाऱ्याहून अधिक पक्के होते, हा कोणत्याही अभ्यासिकेत पडताळून पाहता येणारा अनुभव आहे.

यातील एकाही गोष्टीला निधी, इमारत किंवा कायदा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि नेमका तोच देण्याची तयारी नसल्यामुळे उत्तीर्णतेची रेषा खाली आणण्याचे मार्ग शोधले जातात. मुलांची उडी लहान आहे, असे ठरवून दोरी खाली घेणाऱ्या समाजाने एकदा तरी स्वतःला विचारावे की, या मुलांना उडी मारावयास शिकविले होते कोणी?