एका बाकावर

वारंगा फाट्यावर नांदेडचे, हिंगोलीचे, यवतमाळचे प्रवासी एकाच बाकावर बसून गरमागरम खिचडी खातात ना? मुंबईत धोबी तलावाजवळ तशीच एक शाळा आहे. १८६९ साली जेझुइट पाद्र्यांनी काढलेली सेंट झेवियर्स हायस्कूल. सुनील गावसकर तिथेच शिकले!

शाळा कॅथलिकांची, पण बाकावर हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती मुलं शेजारी शेजारी. मग इतर धर्मांच्या मुलांवर उपासनेची सक्ती? छे! राज्यघटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क देतं. आणि कलम २८ बजावतं, की सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचं नाही. दोन्ही हक्क एकाच छपराखाली!

आता सांगा, तुमच्या शेजारी बसणाऱ्याचा आवडता सण कोणता? विचारलंत कधी?