आपला केर तुरमुरीच्या दारी

बेळगावचा केर महानगरपालिकेच्या गाड्यांतून वेंगुर्ला रस्त्यावरील तुरमुरीच्या डेपोत जातो. गाडी वळली की आपले दार स्वच्छ झाले, असे आपण समजतो. पण तुरमुरी हे ग्रामपंचायतीचे गाव. तेथील माणसाला आपल्या महानगरपालिकेत मत नाही. दुर्गंधी मात्र त्याच्याच वाट्याला! हा कुठला न्याय?

हाच रस्ता पुढे महाराष्ट्रात शिरून वेंगुर्ल्यास पोचतो. तेथील नगरपरिषदेने घराघरांतून कचरा वेगवेगळा करूनच घेण्याचा आग्रह धरला. ओल्याचा बायोगॅस व खत, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात, अशी सोय लावली. कचरा टाकण्याची जागा लोक मुद्दाम पाहायला जाऊ लागले.

वेंगुर्ले लहान, बेळगाव मोठे, हे खरे. परंतु २०१६ च्या केंद्रीय नियमांनी ओला-सुका वेगळा करण्याचे बंधन दोन्ही शहरांतील घरांवर सारखेच घातले. रद्दी व बाटल्या आपण भंगारवाल्यासाठी जपून ठेवतोच, कारण पैसे मिळतात. भाजीच्या देठांचे मिळत नाहीत, म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचे काय?

सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटो. घरात दोन बादल्या ठेवायला कोणत्याही आयोगाची गरज नाही.