माळावरच्या शिळांचा बंदोबस्त

स्कॉटलंडच्या लुईस बेटावर कॅलनिश येथील सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या पाषाणस्तंभांभोवती साचलेला, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा सुमारे दीड मीटर जाडीचा थर बेटाचे मालक सर जेम्स मॅथेसन यांनी १८५७ मध्ये उपसविला, आणि पुढे १८८२ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्याच्या पहिल्याच यादीत या शिळांची दफ्तरी नोंद झाली, हे उचितच घडले. तथापि, दर साडेअठरा वर्षांच्या सुमारास जेथून चंद्र दक्षिणेकडील टेकड्यांना जवळजवळ स्पर्श करीत जाताना दिसतो, तेथे केवळ दगडांचा बंदोबस्त पुरेसा मानणे ही कारकुनी दृष्टी होय. समोरचे क्षितिजही सरकारने तितक्याच कसोशीने निर्वेध राखले पाहिजे.