विंचू पायाला, सांगावा काळजाला

मंडळी, आज थोडं विज्ञान. पण घाबरू नका, विषय आपल्या जालन्याकडचाच आहे. विंचू!

कडब्याची गंजी हलवताना, गोवऱ्या काढताना, नाहीतर अंधारात चपलेत पाय घालताना विंचू चावणं आमच्याकडे नवं नाही. मग कुणीतरी उतरवणाऱ्याकडे घेऊन जातं. त्यावर शहरातले नातेवाईक "अंधश्रद्धा!" म्हणून मोकळे होतात. मला वाटतं, एवढं म्हणून कुणाचंच भलं होत नाही. विष शरीरात काय करतं हे साध्या मराठीत सांगितलं, तर माणूस आपणहून दवाखान्याची वाट धरेल.

हृदय ठोके स्वतःच देतं. पण किती वेगात, किती जोरात, याचा सांगावा बाहेरून येतो. ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिन हे ते सांगावे आणणारे. पेशीवर रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात, त्यांना हे येऊन चिकटतात. आतली प्रथिनं निरोप पुढे नेतात, ठोक्यागणिक जास्त कॅल्शियम सुटतं आणि स्नायू जोरात आकसतो. यातलं फॉस्फोलॅम्बन हे प्रथिन मला फार आवडतं. एरवी ते कॅल्शियम परत साठवणाऱ्या पंपाला आवर घालून असतं, सांगावा आला की तो आवर सैल होतो. काम झाल्यावर निरोप थांबवणारी प्रथिनंही वेगळी असतात. म्हणजे चालू करण्याइतकंच वेळेवर बंद करणंही महत्त्वाचं.

लाल विंचवाचं विष नेमकं 'बंद करणं' बिघडवतं. मज्जातंतूंवर सोडियमची दारं असतात, तीही प्रथिनांचीच. विषामुळे ती वेळेवर मिटत नाहीत. मग मज्जातंतू थांबतच नाहीत आणि सांगाव्यांचा नुसता पूर येतो. रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा रिसेप्टरमुळे त्या आवळल्या जातात, त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदय थकतं आणि फुफ्फुसात पाणी साचतं. चावा पायाला, मरण काळजात!

हे ओळखून उपाय शोधणारा माणूस आपल्याच जिल्ह्यातला, देहेडचा. डॉ. हिंमतराव बावस्कर. 1976 साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण हृदय निकामी होऊन जातात हे त्यांनी त्यांच्या उशाशी बसून टिपलं. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी वापरली. ती अल्फा रिसेप्टर अडवते. निरोप आला तरी दार उघडत नाही! 1986 साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. गंभीर रुग्णांतला मृत्यूदर तीस-चाळीस टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास आला. पुढे 2011 च्या त्यांच्या अभ्यासात प्राझोसिनबरोबर विंचवाच्या विषावरचं प्रतिविष दिल्यावर रुग्ण आणखी लवकर बरे झाले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता उतरवणाऱ्याचं गुपित. बहुतेक दंशात नुसती असह्य आग होते आणि ती काही तासांनी आपोआप ओसरते. श्रेय मंत्राला! उलट ज्याला फारसं दुखत नाही, पण उलट्या होतात, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, त्याचं हृदय धोक्यात असतं. आणि नेमकं त्यालाच, "दुखत नाही ना, मग उतरला" म्हणून घरी पाठवलं जातं. वेदना आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं एक वाक्य जरी घरोघरी पोचलं तरी जीव वाचतील. विशेषतः लेकरांचे.

म्हणून माझं म्हणणं असं, की शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहितो तशी ही लक्षणंही लिहावीत. गोळी महाग नाही, पण ती डॉक्टरनेच द्यायची, घरच्या घरी नाही. आणि तिच्यापर्यंत पोचायला वेळ हातात हवा. तो वेळ आपण उतरवण्यात घालवतो.

असो. गावाकडे फोन कराल तेव्हा पाऊसपाण्याच्या गप्पांत एवढं जरूर सांगा. आणि तुमच्याकडे विंचू चावल्यावर काय करतात, तेही कळवा.