जुन्या घराच्या दुरुस्तीचा खर्च कोणाच्या खाती?

पुण्याच्या पेठांतील वाडे असोत, वाईच्या घाटालगतची घरे असोत की कोकणातील चिऱ्याची कौलारू घरे, त्यांच्या दुरुस्तीचा विषय निघाला की एक मत जवळजवळ त्याच शब्दांत सर्वत्र ऐकू येते. जुने घर दुरुस्त करणे म्हणजे तळ नसलेला खर्च. अंदाजपत्रकात धरलेली रक्कम पहिल्या दोन महिन्यांतच संपते, एक भिंत उघडली की तिच्यामागे दुसरा दोष निघतो, सुतार येतो तेव्हा गवंडी येत नाही. तेव्हा घर पाडावे आणि त्या जागी नवी इमारत उभी करावी, असे ते मत. ते केवळ बांधकाम व्यावसायिकांचे नाही, तर दुरुस्तीत होरपळलेल्या अनेक कुटुंबांचेही आहे, आणि त्यांचा अनुभव खोटा ठरवता येणार नाही. आक्षेप आहे तो त्या अनुभवावरून काढलेल्या निष्कर्षाला. जुन्या घराच्या नावावर मांडल्या जाणाऱ्या छुप्या खर्चाचा मोठा भाग चुकलेल्या निदानाचा, घराला न मानवणाऱ्या साहित्याचा आणि दुरुस्तीला प्रतिकूल असलेल्या कायद्याचा असतो, हे येथे दाखवायचे आहे.

यांत सर्वांत मोठा वाटा ओलीचा. भारतात पोर्टलँड सिमेंटचे नियमित उत्पादन 1914 मध्ये पोरबंदरला सुरू झाले. त्याआधीची बहुतेक सर्व आणि त्यानंतरच्या काही दशकांतलीही असंख्य घरे चुन्यात किंवा मातीत बांधलेली आहेत. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना मिळतो, त्यावर पाणी घातले की तो उकळून विरी जातो, आणि हा विरी गेलेला चुना वाळूबरोबर घाणीत मळून भिंतीवर चढवला की हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू पुन्हा चुनखडीच्या रूपात येतो. अशा गिलाव्यात सूक्ष्म छिद्रे राहतात. जुन्या भिंतीच्या पायाशी ओलरोधक थर, म्हणजे जमिनीतील पाणी वर चढू न देणारा पट्टा, नसतो. त्यामुळे दिव्याची वात तेल ओढते तसे भिंत पाणी ओढते, आणि ते पाणी चुन्याच्या छिद्रांतून वाफ होऊन निघून जाते. दर पावसाळ्यात भिजणे आणि दर उन्हाळ्यात वाळणे या क्रमावरच ती भिंत शंभर-दीडशे वर्षे टिकली. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिक पेंट चढवला की ही वाट बुजते आणि पाणी गिलाव्याची हद्द संपेपर्यंत वर चढत राहते. तीन फुटांवर पोपडे दिसले म्हणून पाच फुटांपर्यंत सिमेंट लावावे, तर काही पावसाळ्यांनी त्याच्याही वर लोणा, म्हणजे पाण्याबरोबर आलेल्या क्षारांचा पांढरा थर, फुटतो. खालची शहाबादी फरशी उखडून तेथे पाणी न झिरपणाऱ्या गुळगुळीत लाद्या बसवल्या तर खोलीच्या मधोमध वर येणारी ओलही भिंतींकडेच वळते. मालकाच्या वहीत हे पुन:पुन्हा केलेले गिलावे जुन्या घराच्या खाती जमा होतात, आणि त्या भिंतीला सिमेंटची गरज होती का, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

लाकडाची कथा याच ओलीपासून सुरू होते. वाड्याचा भार सागवानी खांब आणि तुळयांच्या सांगाड्यावर असतो. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यांवर माती-चुन्याचा थर अशा रचनेला कडीपाट म्हणतात. तुळईचे जे टोक भिंतीत गाडलेले असते ते ओल कोंडली की प्रथम कुजते, आणि कुजलेल्या लाकडाला वाळवी गाठते. खोलीतून पाहणाऱ्याला तुळई धडधाकट दिसते, कारण दोष भिंतीच्या पोटात असतो. पुष्कळदा वरचा मजला हलतो म्हणून त्यावर काँक्रीटचा थर ओतला जातो. घनमीटरला सुमारे 2,500 किलो वजनाच्या काँक्रीटचा चार इंच जाडीचा थर दहा बाय बारा फुटांच्या खोलीत घातला, तर जवळजवळ पावणेतीन टन नवे वजन आधीच टोकाला कुजलेल्या तुळयांवर येते. पूर्वी परसात असणारी न्हाणी आणि संडास त्याच मजल्यावर आणले की गळतीची भर पडते. अशी तुळई एक दिवस बसली तर दोष लाकडाचा कसा? नीट शोध घेतला असता, तर कुजलेले टोक कापून तेथे चांगल्या सागाचा तुकडा सांधणे, एवढ्यावर काम भागले असते.

येथे प्रतिपक्षाचा सर्वांत वजनदार मुद्दा पुढे येतो, आणि तो जिवाचा असल्याने त्याला बगल देणे अनुचित ठरेल. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे त्यांच्या जुन्या दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. मग असली घरे राखण्याचा आग्रह कशासाठी? परंतु त्या भूकंपानंतर जे दिसले ते याहून सूक्ष्म होते. कोसळल्या त्या मुख्यत: अनघड दगडांच्या जाड भिंती, ज्यांच्या आतल्या व बाहेरच्या थरांना जोडणारे आरपार दगड घातलेलेच नव्हते, आणि त्यांच्या जोडीला माळवदाच्या, म्हणजे सपाट छपरावरच्या, मातीचे प्रचंड ओझे होते, उलट अनेक ठिकाणी भिंती पडूनही लाकडी खणांचे सांगाडे उभे राहिले. पुढे शासनाने पुनर्वसनाबरोबर घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचाही मोठा कार्यक्रम हाती घेतला. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जोड घालणे आणि छपरावरची माती कमी करणे, हे उपाय अभियंत्यांना ठाऊक आहेत. काही घरे इतकी खचलेली असतात की ती उतरवणेच योग्य, हे मान्य केलेच पाहिजे. पण तो निर्णय भिंत तपासून घ्यावा, तिच्या वयावरून नव्हे.

दुसऱ्या बाजूचे प्रतिपादनही तितकेच सदोष आहे. जुन्या घराच्या प्रेमापोटी काहीजण सांगतात की थोडी डागडुजी केली, लाकडाला तेल पाजले, की घर पूर्ववत होते. या गोड समजुतीने अनेकांची बचत बुडवली आहे. जुन्या घराचा स्वत:चा असा खर्चही आहे, आणि तो प्रामुख्याने वेळेचा आहे. कोंडलेली भिंत मोकळी केल्यावर ती वाळण्यास जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना लागतो असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे दोन फुटी भिंतीला दोन वर्षे. चुन्याचा प्रत्येक हात मागचा हात धरेपर्यंत थांबतो. चुना मळणारा गवंडी आणि सांधा करणारा सुतार आता गल्लोगल्ली मिळत नाहीत, आणि तोवर कुटुंबाला अन्यत्र भाडे भरावे लागते. हे सर्व अंदाजपत्रकात आधीच लिहिले असते तर ते छुपे राहिले नसते, आणि त्याचा धक्काही बसला नसता.

याहून अन्यायाचा खर्च कायद्यातून येतो. मुंबई भाडे नियंत्रण अधिनियम, 1947 ने असंख्य घरांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली. त्याच्या जागी आलेल्या 1999 च्या महाराष्ट्र अधिनियमाने वर्षाला 4 टक्के वाढ दिली, म्हणजे महिना पन्नास रुपये भाड्यावर दोन रुपये. दुरुस्तीची जबाबदारी मात्र मालकावरच आहे. त्याने ती टाळली तर भाडेकरूने नोटीस देऊन स्वत: खर्च करावा आणि तो भाड्यातून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच, पन्नास रुपये भाड्यात ही मर्यादा वर्षाला दीडशे रुपये होते. दीडशे रुपयांत कौले बदलण्याची एका दिवसाची मजुरीही सुटत नाही. भाडेकरूला संरक्षण हवेच होते. पण मालकाला आणि भाडेकरूला दोघांनाही घर पडण्याची वाट पाहण्यास लावणारे संरक्षण घराचे नाही आणि माणसाचेही नाही. प्राप्तिकराची दिशाही तीच आहे. जुन्या करप्रणालीत, स्वत: राहत्या नव्या घराच्या खरेदीसाठी किंवा बांधणीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला 2,00,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते, त्याच कुटुंबाने असलेले घर दुरुस्त करण्यासाठी कर्ज काढले तर ती 30,000 रुपयांवर थांबते. पाडणे स्वस्त वाटते त्यात या तफावतीचाही हात आहे, आणि ती बदलणे शासनाच्या हातात आहे.

कोकणातील घर यापलीकडचा एक धडा देते. तेथे मृगापूर्वी घर शाकारण्याची, म्हणजे कौले उतरवून, फुटकी बदलून, रीप तपासून पुन्हा रचण्याची रीत होती, आणि तो खर्च शेतीच्या खर्चासारखा दरवर्षी धरलेला असे. कुटुंब मुंबईला गेले, घराला कुलूप लागले आणि शाकारणी थांबली. एक कौल सरकले की पाणी वाशावर पडते, वासा कुजला की आढे वाकते, आणि पंधरा वर्षांनी दार उघडणाऱ्याला पंधरा शाकारण्यांचे थकलेले देणे एकाच वेळी फेडावे लागते.

म्हणून दुरुस्तीतला पहिला पैसा निदानावर खर्च व्हावा. जुन्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याकडून तुळयांची टोके उघडून पाहावीत, रंगाच्या निवडीपूर्वी छप्पर, पन्हळी आणि अंगणातील पाण्याचा निचरा नीट करावा, सिमेंटचे गिलावे उतरवून भिंत मोकळी ठेवावी, आणि त्या स्थितीत घराला एक पावसाळा काढू द्यावा. दसऱ्यानंतर कोणती भिंत वाळली आणि कोणती अजून ओली आहे हे दिसते. गिलाव्याचे अंदाजपत्रक मांडण्याची वेळ तेव्हा येते.